दिनविशेष, १ ऑगस्ट : वऱ्हाडचे खेळाडू बर्लिनमध्ये
१९३६ साली आजच्या दिवशी बर्लिन येथे ऑलिंपिक महोत्सवास प्रारंभ झाला. ध्यानचंदांच्या हॉकी संघाने तेथे मिळविलेले सुवर्णपदक सर्वश्रुत आहे. परंतु वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापिलेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या निवडक तरुणांनी त्याच महोत्सवाच्या निमित्ताने कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके परकीय प्रेक्षकांसमोर सादर केली, ही गोष्ट आम्हां वऱ्हाडवासीयांस अधिक अभिमानास्पद वाटते. मन नदीकाठच्या बाळापुरातील ज्या महाविद्यालयीन तरुणास यंदाच्या हंगामात कबड्डीच्या संघात भरती व्हावयाचे असेल, त्याने हा पूर्वेतिहास अवश्य अभ्यासावा. कबड्डीस आशियाई क्रीडास्पर्धांत पदकाचा मान लाभण्यास मात्र १९९० साल उजाडावे लागले.