प्लिमथच्या गोगलगायी

प्लेगची आठवण आपल्या भागातल्या जुन्या घरांतून अजून पुरती पुसलेली नाही. १८९६ साली मुंबईत शिरलेली ही साथ पुढे पुणे, बेळगाव, धारवाडपर्यंत पोचली. उंदरांवरच्या पिसवा ती पसरवतात हे पुढे मुंबईतल्याच प्रयोगांनी पक्के झाले. ज्या पिसवेवर हा आरोप शाबीत झाला, तिचे शास्त्रीय वर्णन १९०३ मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स रॉथचाइल्ड यांनी केले होते. पेढीवाल्या घराण्यातला हा गृहस्थ फावल्या वेळात पिसवा जमवीत असे. येथे सांगायची आहे ती मात्र त्यांच्या कन्येची, मिरियम यांची हकीगत. वडिलांचा परोपजीवींचा नाद लेकीतही उतरला, पण तो तिला समुद्रकाठी घेऊन गेला.

१९३० नंतरच्या दशकात मिरियम रॉथचाइल्ड प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत काम करीत होत्या. पदवी कुठलीच नव्हती. विषय होता समुद्री गोगलगायींच्या पोटात राहणारे चपटे कृमी. यांतल्या एका जातीचा फेरा असा : पूर्ण वाढलेला कृमी कुरव पक्ष्याच्या आतड्यात राहतो, त्याची अंडी विष्ठेबरोबर किनाऱ्यावर पडतात, ती तिथली गोगलगाय गिळते. तिच्या शरीरात कृमीच्या पिढ्या वाढतात आणि शेवटी शेपटीवाले सूक्ष्म डिंभ पाण्यात बाहेर पडून माशाच्या कातडीत शिरतात. तो मासा कुरवाने खाल्ला की चक्र पुरे. हा फेरा अमेरिकेच्या स्टंकार्ड यांनी १९३० मध्ये उलगडून दाखवला होता.

आता अडचण अशी, की बाधा झालेली गोगलगाय बाहेरून निरोगी गोगलगायीसारखीच दिसते. शंख फोडून भिंगाखाली पाहिले तर कळते, पण मग ती गोगलगाय संपली. दुसरा मार्ग सबुरीचा. एकेक गोगलगाय समुद्राच्या पाण्याच्या वेगळ्या काचपात्रात ठेवायची, उजेड दाखवायचा आणि पाण्यात डिंभ पोहू लागतात का ते पाहायचे. डिंभ दिसले तर प्रश्न मिटला. न दिसले तर? बाधा नसेलही, किंवा आतले कृमी अजून कच्चे असतील. एका दिवसाच्या ‘नाही’वर भरवसा ठेवता येत नाही. मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

चिखलातल्या एका चिमुकल्या जातीत रॉथचाइल्ड यांना निराळी खूण दिसली. कृमींनी जननग्रंथी खाऊन टाकलेल्या गोगलगायी इतरांपेक्षा मोठ्या होत होत्या. १९३६ साली त्यांनी यावर निबंध लिहिला. तरी आकार पाहून निदान करणे धोक्याचेच, कारण सगळ्या जातींना हा नियम लागू पडत नाही, हे पुढच्या संशोधनाने दाखवले.

सबुरीचे खरे फळ १९४० मध्ये दिसले. मायरहॉफ या सहकाऱ्यासोबत त्यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटे टिपण दिले. त्यात पेरिविंकल जातीची एकच गोगलगाय होती, बाधित अवस्थेत आणून वेगळी ठेवलेली. नव्याने बाधा होण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्या वर्षी तिने दिवसाला सरासरी ३३०० डिंभ सोडले, म्हणजे वर्षाचे सुमारे बारा लाख. पाच वर्षांनंतरही रोजचे ८३० चालूच होते! शंख फोडून पाहणाऱ्याला हे कधीच कळले नसते.

आणि मग युद्ध आले. १९४१ च्या मार्चमध्ये प्लिमथवर बॉम्बवर्षाव झाला, त्यात प्रयोगशाळाही सापडली. सात वर्षांचे काम नष्ट झाले. अशी काचपात्रे नवी मांडता येतात, पाच वर्षे सांभाळलेला जीव कुठून आणायचा? युद्धकाळात मिरियमबाई ब्लेचले पार्क येथे शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्यांत होत्या. नंतर त्या वळल्या वडिलांच्या पिसवांच्या संग्रहाकडे. त्याच्या सूचीचा पहिला खंड १९५३ साली निघाला आणि ते काम पुढे कित्येक वर्षे चालले.

आज गोगलगायीच्या मांसाचा कण घेऊन त्यातल्या डीएनएवरून कृमीची जात सांगता येते, डिंभ बाहेर पडण्याच्या आधीसुद्धा. मात्र त्यासाठी गोगलगाय बहुधा मारावीच लागते. ती जिवंत हवी असेल, तर संशोधक अजूनही काचपात्रात पाणी घेतात, वर दिवा लावतात आणि वाट पाहतात.