नाक पुण्यात जोडलं, नाव मात्र गेलं

मंडळी, "प्लास्टिक सर्जरी सुश्रुताने शोधली" हा मेसेज दर दोन-चार महिन्यांनी फिरत येतो. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची कृती आहे, हे खरंच. पण तिथे गालाची कातडी घ्यायला सांगितलीय. इंग्रजी वैद्यकात 'इंडियन मेथड' म्हणून जी पद्धत गेली ती कपाळाच्या कातडीची, आणि ती गेली थेट आपल्या पुण्याजवळून. ती गोष्ट त्या मेसेजमध्ये कधीच नसते.

1792 ची टिपूविरुद्धची लढाई. इंग्रजांच्या सैन्यात कावसजी नावाचा एक बैल हाकणारा होता. नाव पारशी वाटतं, पण छापील पत्रात तो मराठा, शेतकरी जातीचा असं आहे. तो टिपूच्या कैदेत सापडला, तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर बिननाकाचा राहिल्यावर पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं.

हा माणूस वैद्य नव्हता, शास्त्री नव्हता. वीटवाल्यांच्या जातीतला होता.

आता काम बघा. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोलायची. पण पूर्ण नाही! दोन डोळ्यांच्या मधे एक पट्टी जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहतं. मग जुन्या जखमेच्या कडा ताज्या करायच्या, कातडी अर्धी पिळून खाली आणायची आणि कडेला चीर पाडून त्यात खोचायची. टाके नाहीत. पाण्यात कालवलेला कात (हो, पानाला लावतो तोच) कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या एकावर एक बसवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. मधली पट्टी कापायची साधारण पंचविसाव्या दिवशी, नवी कातडी खालून रक्त घ्यायला लागल्यावर. भूल वगैरे काही नाही, तो शोध पुढे पन्नास वर्षांनी.

ही जोडलेली पट्टी म्हणजे सगळ्या कामाचा जीव. आजचे सर्जन कपाळाच्या कातडीचं नाक करतात तेव्हा हेच तत्त्व वापरतात.

मुंबईच्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढणाऱ्या जेम्स वेल्सने 1794 च्या जानेवारीत कावसजीचंही चित्र काढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये सगळी कृती छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने वर्षानुवर्षं प्रेतांवर सराव केला, 1814 मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक केलं आणि 1816 मध्ये पुस्तक काढलं.

म्हणजे बघा, रोग्याचं नाव आहे, बघणाऱ्यांची आहेत, चित्रकाराचं आहे, लंडनच्या सर्जनचं तर आहेच. ज्याने केलं त्याची फक्त जात लिहिलीय.

इंग्रजांवर खापर फोडून मोकळं होता येईल. पण आपल्याकडेही रक्तामांसाचं काम हलकं मानून न्हाव्यावर, सुईणीवर टाकलं होतंच ना? पोथी एकाच्या घरात, चाकू दुसऱ्याच्या. पोथीवाल्याला चिरफाड माहीत नाही, चाकूवाल्याला लिहिता येत नाही. लंडनमध्येही सर्जन आणि न्हावी एकाच संघात होते, ते 1745 मध्ये वेगळे झाले. तिथे पुढे चाकूवाले लिहायला लागले, शिकवायला लागले. इथे हुन्नर बापाकडून मुलाकडे गेला आणि वंश थांबला तिथे तोही थांबला. माझ्या मते आपलं खरं नुकसान इथे झालं, कुणी काही चोरून नेल्यामुळे नाही.

पुण्यात मोडी वाचणारी बरीच मंडळी आहेत. त्या काळातली दप्तरं चाळताना नाक बसवल्याबद्दल कुणा वीटवाल्याला इनाम, बिदागी असं काही दिसलं, तर जरूर इथे टाका.