लाल वायर

परवा पुतण्याचा फोन आला. "आत्या, बाबांची फियाट भंगारात देतोय. पासिंग जवळ आलंय आणि लाइटचा घोळ काही सुटत नाही."

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. गाडीतलं मला काय कळणार! पण दादाची गाडी म्हटल्यावर राहवेना. म्हटलं, येते, बघू तरी.

गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी. दादाने १९८३ साली जुनीच घेतली होती. पद्मिनी हे नाव कागदोपत्री. घरात, गल्लीत सगळे 'फियाट'च म्हणायचे. तसं ते खोटंही नव्हतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि पुढे तिथे इटलीच्या फियाटच्या परवान्यावर गाड्या बनू लागल्या. १,०८९ सीसीची ती ११०० इटलीत १९६९ साली कायमची बंद झाली. कुर्ल्यात मात्र तोच सांगाडा नावं बदलत जवळजवळ २०००पर्यंत निघत राहिला. स्पर्धा नाही, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणारं गिऱ्हाईक, मग बदलायचं कशाला? (वालचंदांना दोष नाही हो. ते तर १९५३लाच गेले.)

पण याचा एक फायदाही झाला. गाडी इतकी साधी राहिली की कोपऱ्यावरचा वायरमनही ती उघडून बसायचा. आमच्या गाडीतही कितीजण बसून गेले असतील कोण जाणे!

पुतण्याने दाखवलं : ब्रेक दाबला की मागचा दिवा लागेचना, उलट पुढचे पार्किंगचे दिवे मिणमिणायचे. मला वाटलं भुताटकी. तो हसला. म्हणाला, गाडीत दिव्याकडे जाणारी वायर एकच असते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा, तोच बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला. मागच्या दिव्याचा पत्र्याशी सांधा गंजला की करंटला परत जाता येत नाही. मग तो शेजारच्या तारेतून, पार्किंगच्या दिव्यांमधून आडवाटेने घरी जातो. बल्ब चांगला, वायर चांगली, दोष परतीच्या वाटेत!

त्याने बल्बला दोन तारा जोडून टेस्ट लॅम्प केला होता. एक तार बॅटरीच्या धन टोकाला लावली, दुसरी मागच्या दिव्याच्या घराला. बल्ब ढिम्म. बोल्ट काढून पत्रा पॉलिश पेपरने घासला, परत आवळला आणि पुन्हा तार लावली. बल्ब लख्ख! एवढ्यासाठी बिचारा महिनाभर बल्ब बदलत होता.

दुसरा दोष चिवट होता. खड्डा आला की फ्यूज उडायचा. फ्यूजपेटी उघडली तर एका चिनीमातीच्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. आठ अँपिअरच्या जागी चांदी, म्हणजे फ्यूजऐवजी वायरच जळायची! आणि डॅशबोर्डखाली तर अस्सल दप्तरखानाच. कारखान्याच्या तारा एका रंगशिस्तीतल्या, कापडी पट्टीने बांधलेल्या. त्यांवर हॉर्नची पिवळी, कॅसेट प्लेअरची निळी, घाटातल्या धुक्यासाठी बसवलेल्या दिव्याची हिरवी. दिवे गेले, कॅसेट गेली, तारा तशाच. पोथीच्या समासात प्रत्येक वाचणाऱ्याने काहीतरी लिहून ठेवावं तसं. मूळ प्रत कुठली आणि नंतरची भर कुठली, हे ओळखणं तर माझंच काम!

पुतण्याने त्या फ्यूजवरचे सगळे दिवे सोडवले आणि फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प लावला. शॉर्ट असेल तोवर तो जळणार. मग एकेक वायर हलवत गेलो. मागच्या सीटखालची लाल वायर उचलली आणि लॅम्प विझला. पत्र्याच्या धारेवर घासून तिचं आवरण सोललं होतं.

"कुठे जाते ही? काही कामाची दिसत नाही. कापू?"

मी म्हटलं, थांब.

१९८७ साली आईची दृष्टी अधू झाली. दादा तिला दर पंधरवड्याला नाशिकहून मुंबईला डॉक्टरांकडे न्यायचा. परतताना कसारा घाटात रात्र व्हायची. अंधारात ती घाबरायची, आणि छतावरचा दिवा लावला की दादाला समोरच्या काचेत प्रतिबिंब दिसायचं. म्हणून त्याने मागच्या सीटच्या कडेला, तिच्या पायाशी, पाच वॅटचा दिवा बसवला. हाताला लागेल असं बटण. त्या उजेडात ती जपमाळ घेऊन बसायची. दादाला वायरिंगचं शिक्षण नव्हतं, म्हणून फ्यूज वेगळा दिला नाही आणि वायर सरळ धारेवरून नेली. चूक त्याचीच.

पुतण्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो बराच वेळ वायर हातात धरून बसला.

मग त्याने धारेवर रबरी बूच बसवलं, सोललेला भाग कापून नवा सांधा केला, स्वतंत्र फ्यूज दिला. चांदी काढून फेकली. बटण दाबलं, दिवा नाही. बल्बच गेला होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा आणून लावला.

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, ती बातमी मी वहीत चिकटवून ठेवली आहे. आमची खाजगी, तिला पासिंग मिळालं तर पाच वर्षं चालेल.

तारीख पुढच्या महिन्यात आहे. हेडलाइटचा फोकस तेवढा बाकी आहे. भंगारवाल्याला काय सांगितलं, ते पुतण्याने मला सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही.