नॉर्वेचे ग्रंथ आणि शिकणारे यंत्र

आपल्या ग्रंथांवर कृत्रिम बुद्धीला शिकू द्यावे काय, या प्रश्नावर नॉर्वेतील प्रकाशकांची वृत्ती समजून घ्यावयाची तर शंभर वर्षे मागे जावे लागते. इब्सेन, ब्यर्नसन, ली आणि शेलान हे त्या देशाचे चार थोर लेखक. परंतु त्यांची पुस्तके प्रसिद्ध होत ती डेन्मार्कच्या राजधानीतील गिल्डेंडाल या प्रकाशनगृहाकडून. १९२५ साली हाराल्ड ग्रीग यांच्या पुढाकाराने ते हक्क मायदेशी आणले गेले. क्नूट हामसून यांनी त्यासाठी पदरचे द्रव्य घातले. आपले साहित्य परक्याच्या कोठारात असणे म्हणजे काय, हे त्या लोकांस पुस्तकात वाचून कळलेले नाही.

पंचावन्न लाखांच्या आसपास वस्ती, आणि त्यातही लिखित भाषेची दोन रूपे. एवढ्या बाजारावर कादंबरी जगत नाही. म्हणून १९६५ पासून सरकार नव्या ललित ग्रंथांच्या प्रती विकत घेऊन ग्रंथालयांना वाटू लागले. राज्यसंस्थेशी व्यवहार करण्याची सवय प्रकाशकांना तेव्हापासूनची आहे. २००६ साली राष्ट्रीय ग्रंथालयाने सारा संग्रह संगणकात उतरविण्यास आरंभ केला, तेव्हाही भांडणापेक्षा करारच झाला. विसाव्या शतकाअखेरपर्यंतचे ग्रंथ नॉर्वेतील वाचकाने घरबसल्या वाचावे, ग्रंथालयाने हक्कधारकांच्या संघटनेला पानांच्या हिशेबाने मोबदला द्यावा, आणि ज्याला हे मान्य नसेल त्याने आपले पुस्तक काढून घ्यावे, असा तो व्यवहार होता.

पण वाचक वाचतो ते वेगळे आणि यंत्र वाचते ते वेगळे. यंत्र एकदा वाचून घेते, आणि पुढे वाटेल तितके लिहिते. लेखक व प्रकाशक यांच्या संघटनांनी संमती आणि मोबदला मागितला, त्याचे कारण हेच. तथापि सरसकट नकार देणेही सोपे नव्हते. कारण नॉर्वेजियन ग्रंथ वगळले तर यंत्र ती भाषा शिकणार नाही असे नाही, ती वाईट शिकेल, आणि मुले त्याच यंत्राशी बोलतील.

तेव्हा हक्काधीन मजकुराचा यंत्राला उपयोग तरी किती होतो, हे मोजण्याचे ठरले. राष्ट्रीय ग्रंथालय आणि ऑस्लो व ट्रॉनहेम येथील विद्यापीठे यांनी हा प्रयोग केला. त्याला नाव दिले ‘मीमिर’. (पुराणकथेत या मीमिरच्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी ओडिन देवाला आपला एक डोळा द्यावा लागला होता, नाव ठेवणाऱ्याला मोबदल्याची आठवण असावी!) २०२४ साली निष्कर्ष बाहेर आला: ग्रंथ आणि वृत्तपत्रे यांनी यंत्राची भाषा सुधारते, ललित साहित्याने मात्र कदाचित किंचित बिघडते.

या उत्तरार्धाने लेखकांची मोठीच पंचाईत केली. उपयोगावर मोल ठरवावयाचे, तर कादंबरीकाराच्या वाट्याला काय येणार? मला स्वतःला ही मोजणी अपुरी वाटते. भाषांतर, सारांश, आकलन अशा कसोट्यांवर यंत्राला तपासले. हामसूनचे वाक्य जे करते ते त्यांपैकी कोणत्या कसोटीत बसावे?

आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला नव्या ग्रंथाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे स्वखर्चाने धाडावी लागते. ती प्रत जतन करण्यासाठी असते, ग्रंथाचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. मराठी प्रकाशकाला उद्या कोणी यंत्राच्या शिक्षणासाठी ग्रंथ मागितले, तर हा भेद प्रथम कागदावर उतरवून घ्यावा लागेल, आणि पाने मोजावयाची की उपयोग, हेही त्याच कागदावर.