न रुजणाऱ्या नारळाचा भ्रूण

नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो. त्याच्यामागे, खोबऱ्यात रुतलेला, जेमतेम शेंगदाण्याएवढा भ्रूण असतो. खोबरे व पाणी ही त्याची शिदोरी. शास्त्रीय भाषेत भ्रूणपोष. ही शिदोरीच बिघडली तर भ्रूणाचे काय होते, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

फिलिपीन्समध्ये ‘माकापुनो’ हा नारळ प्रसिद्ध आहे. त्याची करवंटी मऊ, बुळबुळीत खोबऱ्याने भरलेली असते. मिठाई व आइस्क्रीमसाठी त्याला मागणी फार, पण पेरला तर तो रुजत नाही. हा गुण अप्रभावी जनुकामुळे येतो. म्हणून शेतकरी त्याच माडाचे साधे नारळ पेरत आणि अशा माडांवर फार तर एक चतुर्थांश फळे माकापुनो निघत. माडाला फांद्या नसल्याने कलमाचीही सोय नाही.

वाट दाखवली ती जुन्या प्रयोगांनी. १९०४ साली हॅनिग या जर्मन शास्त्रज्ञाने मुळ्याच्या बियांतील भ्रूण बाहेर काढून क्षार व साखरेच्या माध्यमात वाढवले. अगदी कोवळे भ्रूण मात्र असे वाढवणे कठीण होते. १९४१ मध्ये अमेरिकेत व्हॅन ओव्हरबीक, कॉंकलिन व ब्लेकस्ली यांनी धोत्र्याचे कोवळे भ्रूण वाढवून दाखवले, तेही माध्यमात नारळाचे पाणी मिसळून!

पुढे नारळाच्याच भ्रूणाची पाळी आली. लॉस बान्योस येथे एमेरिता डी गुझमान यांनी माकापुनोचा भ्रूण निर्जंतुक पोषकमाध्यमात ठेवला. तो वाढू लागला. हे काम १९६४ साली प्रसिद्ध झाले. भ्रूण मेलेला नव्हता, त्याला अन्न मिळत नव्हते. १९८४ मध्ये या खोबऱ्यात अल्फा-गॅलॅक्टोसिडेज या विकराची उणीव आढळली. या विकराअभावी खोबऱ्यातील विशिष्ट शर्करा-साखळ्या नीट तुटत नाहीत.

अशा रोपांत अप्रभावी जनुकाची जोडी असते. आसपास साध्या माडांचे पराग नसले, तर त्यांची जवळजवळ सर्व फळे माकापुनो होतात.

एक खुलासा आवश्यक वाटतो. येथे एका भ्रूणापासून एकच रोप मिळते. एका माडाच्या हजारो प्रतिकृती काढण्याची ही पद्धत नव्हे. आणि दुहेरी फलन शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे, असे आम्ही सुचवतो. भ्रूण आणि भ्रूणपोष ही फलनातून जन्मलेली दोन वेगळी भावंडे आहेत. एक अधू असले, तरी दुसरे जगू शकते.