शिपायाचे शुल्क, शिपायाचा निर्वाह

लढाई संपल्यावर शिपायाचे ऋण कसे फेडावे, हा प्रश्न राज्यसंस्थेइतकाच जुना आहे, आणि बहुतेक राज्यांनी त्याचे उत्तर जमिनीच्या नाहीतर रोख रकमेच्या रूपाने दिलेले आढळते. रोमच्या निवृत्त सैनिकांना वसाहतींत शेते तोडून दिली जात. आपल्याकडे मराठेशाहीत कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना बालपरवेशी मिळे, आणि पराक्रमी सरदाराच्या घराण्याला इनाम किंवा सरंजाम. परंतु रणांगणावरून परतलेल्या सामान्य शिपायाला महाविद्यालयात बसवावे, त्याचे शुल्क सरकारी खजिन्यातून भरावे आणि तो शिकत असेपर्यंत त्याच्या घरची चूलही विझू देऊ नये, ही कल्पना अमेरिकेत १९४४ च्या कायद्याने जेवढ्या विस्तृत प्रमाणावर अमलात आली, तेवढी त्यापूर्वी कोठेही आलेली नव्हती.

या औदार्यामागे एका अपकीर्तीची आठवण होती. पहिल्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकाच्या हाती बरखास्तीच्या वेळी ६० डॉलर आणि घरापर्यंतचे रेल्वेचे तिकीट एवढेच पडले. १९२४ साली मायदेशातील सेवेच्या दिवसामागे १ डॉलर आणि परदेशातील दिवसामागे सव्वा डॉलर या हिशेबाने त्याला जादा मोबदला मंजूर झाला. पण त्याची मुदत भरायची होती १९४५ साली. मध्यंतरी महामंदी आली, आणि ज्यांचे काम गेले, घर गेले, असे हजारो माजी सैनिक तो वायद्याचा कागद आजच वटवून मागण्यासाठी १९३२ च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह वॉशिंग्टनमध्ये गोळा झाले आणि अ‍ॅनाकोस्टिया नदीकाठच्या सखल जागेत झोपड्या बांधून राहिले. २८ जुलै रोजी जनरल मॅकआर्थर यांच्या हुकमतीखालील फौजेने त्यांना तेथून हुसकावून लावले आणि त्यांच्या झोपड्या जळून गेल्या. ज्या लष्करात ही माणसे लढली, त्याच लष्कराच्या संगिनी त्यांच्यावर रोखलेल्या साऱ्या देशाने पाहिल्या.

तो प्रसंग पुन्हा घडू नये, ही चिंता दुसरे महायुद्ध चालू असतानाच अनेकांच्या मनात होती. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे माजी अध्यक्ष हॅरी कोल्मेरी यांनी १९४३–४४ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलातील आपल्या खोलीत, हॉटेलच्याच कागदांवर, स्वहस्ताने कायद्याचा मसुदा लिहून काढला. दोन्ही सभागृहांनी विधेयक मान्य केले, तरी तपशिलांचा मेळ घालणाऱ्या संयुक्त समितीत ते अडले. कनिष्ठ सभागृहाच्या प्रतिनिधींत मते समसमान पडली होती, आणि निर्णायक मत असलेले जॉन गिब्सन आजारपणामुळे जॉर्जियात आपल्या घरी होते. लीजनच्या माणसांनी रात्रीतून त्यांचा शोध घेतला, मोटारीने त्यांना जॅक्सनव्हिलच्या विमानतळावर पोहोचवले, आणि १० जून १९४४ च्या सकाळी त्यांनी वॉशिंग्टनमध्ये आपले मत नोंदवले. २२ जून रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी स्वाक्षरी केली. लोकांनी या कायद्याला ‘जी. आय. बिल’ म्हटले.

कायद्याचे खरे शहाणपण त्याच्या हिशेबाच्या मांडणीत आहे. शुल्क, पुस्तके आणि साहित्य यांसाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंतची रक्कम सरकार थेट संस्थेकडे भरी. हार्वर्डचे वार्षिक शुल्कही त्या काळी सुमारे ४०० डॉलर होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते. याखेरीज निर्वाहासाठी दरमहा ५० डॉलर, आणि पदरी कुटुंब असल्यास ७५ डॉलर, सैनिकाच्या स्वतःच्या हातात पडत. सैन्यातील किमान ९० दिवसांच्या सेवेवर एक वर्षाचे शिक्षण, आणि पुढे सेवेच्या प्रत्येक महिन्यामागे आणखी एक महिना, असे जास्तीत जास्त ४८ महिने. विद्येचा खर्च म्हणजे केवळ संस्थेच्या पावतीवरचा आकडा नव्हे. खोलीचे भाडे, मुलाचे दूध, हिवाळ्याचा कोट हाही त्याच खर्चाचा भाग आहे, आणि पंचवीस-तीस वर्षांच्या प्रपंची माणसाला तो बापाकडे मागता येत नाही. ही साधी गोष्ट कायदेकर्त्यांना उमगली होती, असे मला वाटते. निर्वाहवेतन अपुरे पडते असे दिसताच ते वाढवण्यात आले आणि १९४८ मध्ये ७५, १०५ व १२० डॉलर अशा तीन पायऱ्या ठरल्या.

विद्वानांना मात्र धास्ती वाटत होती. शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स आणि हार्वर्डचे जेम्स कोनंट यांना भय होते की, या लोंढ्याने विद्यापीठांची पातळी खालावेल. १९४७ साली महाविद्यालयांतील जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. त्यांच्यासाठी मैदानांवर अर्धगोल पत्र्याच्या लष्करी बराकी उभ्या राहिल्या आणि विवाहित विद्यार्थ्यांची बिऱ्हाडे त्यांत थाटली गेली. हे विद्यार्थी इतरांपेक्षा अधिक नेटाने अभ्यास करतात, असा अनुभव आला, आणि कोनंट यांनी आपले मत मोकळेपणाने बदलले. १९५६ मध्ये मूळ योजना संपली तेव्हा सुमारे ७८ लक्ष माणसांनी शिक्षणाचा वा प्रशिक्षणाचा लाभ घेतला होता, त्यांपैकी सुमारे २२ लक्ष महाविद्यालयांत.

कायद्याच्या अक्षरात वर्णभेद नव्हता, पण अंमलबजावणी स्थानिक हातांत होती, आणि मिसिसिपीचे लोकप्रतिनिधी जॉन रँकिन यांच्यासारख्या वर्णभेदाच्या कैवाऱ्यांनी ती तशी राहावी याची दक्षता घेतली होती. दक्षिणेतील गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीय सैनिकाला बंद, आणि त्याच्यासाठी राखलेली महाविद्यालये थोडी व अपुरी. म्हणून हाती हक्क असूनही जागेअभावी परत फिरणारे पुष्कळ होते. युरोपात लढून आलेले मेडगर एव्हर्स कृष्णवर्णीयांच्या अल्कॉर्न महाविद्यालयातून १९५२ साली पदवीधर झाले; १९५४ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या विधि महाविद्यालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. या कायद्याच्या गौरवगाथेत हे प्रकरण तळटीपेत ढकलणे मला अन्यायाचे वाटते.

पुढचा इतिहास म्हणजे पैसा कोणाच्या हाती द्यावा, याविषयीचा दीर्घ वाद आहे. सरकार शुल्क भरते म्हटल्यावर काही संस्थांनी फी वाढवली आणि केवळ अनुदानासाठी शाळा निघाल्या. त्याची चौकशी झाली, आणि कोरियाचे युद्ध चालू असतानाच १९५२ च्या कायद्याने संस्थेशी व्यवहारच तोडून, एकट्या सैनिकाला दरमहा ११० डॉलर दिले. शुल्क आणि निर्वाह दोन्ही त्यातूनच भागवायचे होते. गैरव्यवहार कमी झाला. पण महागड्या खाजगी विद्यापीठाचा मार्ग गरिबाला दुर्घट झाला. १९६६ साली व्हिएतनामच्या पिढीला आरंभी दरमहा १०० डॉलर मिळाले, म्हणजे चौदा वर्षांपूर्वीपेक्षाही कमी. १९८५ पासूनच्या माँटगोमेरी योजनेत तर शिपायाच्याच पगारातून पहिले बारा महिने १०० डॉलर कापून घेतले जाऊ लागले.

सप्टेंबर २००१ नंतर सेवा केलेल्यांसाठीचा, सिनेटर जिम वेब यांनी पुढे रेटलेला कायदा १ ऑगस्ट २००९ पासून अमलात आला, आणि त्याने १९४४ ची जुनी विभागणी पुन्हा स्वीकारली. ३६ महिने सेवा झालेल्याचे, राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठातील रहिवाशांच्या दराचे, शुल्क पूर्णतः सरकार भरते. पुस्तकांसाठी वर्षाला १००० डॉलरपर्यंत मिळतात. आणि कुटुंबवत्सल सार्जंटला महाविद्यालयाच्या गावी जेवढा घरभाडे भत्ता मिळतो, तेवढा विद्यार्थ्याला दिला जातो. खाजगी विद्यापीठासाठी मर्यादा आहे. तिच्यावरचा बोजा संस्था आणि सरकार वाटून घेऊ शकतात. जुना रोगही नव्या रूपात परतला. नफ्यासाठी चालणाऱ्या महाविद्यालयांनी उत्पन्नाचा किमान दहावा हिस्सा संघराज्याच्या विद्यार्थी-साहाय्याबाहेरून मिळवावा, असा नियम होता. सैनिकांचा पैसा त्या दहाव्या हिश्श्यात धरला जाई, आणि म्हणून असा एकेक विद्यार्थी हेरून आणण्याचा धंदा माजला. ही पळवाट बंद करणारी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली.

विद्यार्थ्याने हा हिशेब आपल्या बाजूने मांडायचा, तर प्रवेशाआधी दोनच बाबी कसून तपासाव्यात: आपल्या सेवेवर किती टक्के हक्क बसतो, आणि अभ्यासक्रम वर्गातला आहे की केवळ दूरस्थ, कारण दूरस्थ विद्यार्थ्याचा भत्ता देशाच्या सरासरीच्या निम्माच असतो. शिवाय भत्ता महिना भरल्यावर येतो, आणि दोन सत्रांमधल्या सुट्टीतला भत्ता २०११ पासून बंद आहे. डिसेंबरात परीक्षा संपून जानेवारीत वर्ग भरेपर्यंतचे दिवस हिशेबातून वगळले जातात, घरमालक मात्र दोन्ही महिन्यांचे भाडे पुरे घेतो. त्या दिवसांची बेगमी ज्याने सप्टेंबरातच बाजूला काढून ठेवली नाही, त्याला वसंतसत्राच्या तोंडावर कर्ज काढावे लागते.