चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ (घाना)

घानाच्या भूदल, नौदल व वायुदल या तिन्ही दलांचा सर्वोच्च लष्करी अधिकारी. राष्ट्राध्यक्ष हे सरसेनापती असतात. १९९२ च्या संविधानातील अनुच्छेद २१२ नुसार राज्य परिषदेशी विचारविनिमय करून तेच या अधिकाऱ्याची नेमणूक करतात. मुख्यालय आक्रातील बर्मा कॅम्प येथे आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेल्या पश्चिम आफ्रिकी सैनिकांची आठवण या छावणीच्या नावात आहे.

१९५७ मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी सेनेची सूत्रे ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच राहिली. सप्टेंबर १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी मेजर जनरल हेन्री अलेक्झांडर यांना तडकाफडकी दूर केले आणि स्टीफन ओटू यांना नेमले. ओटू हे या पदावरचे पहिले घानावासी. १९६५ मध्ये ओटू आणि त्यांचे उपप्रमुख जोसेफ अंक्रा या दोघांनाही घरी बसवण्यात आले. एन्क्रुमांना ही खेळी महागात पडली असे म्हणता येईल: २४ फेब्रुवारी १९६६ रोजी ते परदेश दौऱ्यावर असताना लष्कराने सत्ता उलथवली आणि नव्या राजवटीचे प्रमुखपद अंक्रांकडेच आले.

पुढे हे पद सत्तेची पायरीच ठरले. फ्रेड अकुफो यांनी याच पदावरून जुलै १९७८ मध्ये लष्करी शासक आचेआमपाँग यांना हटवून राष्ट्रप्रमुखपद घेतले. वर्षभरातच कनिष्ठ सैनिकांनी उठाव केला. २६ जून १९७९ रोजी अकुफोंना गोळ्या घालून मृत्युदंड देण्यात आला. १९९३ पासून नागरी राजवट अखंड असून पदाधिकारी सरकारच्या अधीन राहून काम करतात.